चकलांब्यातला इलेक्ट्रॉनचा सत्कार

गेवराई

गेवराईवरून मी अनेकदा गेले आहे, गेवराईला मात्र पहिल्यांदाच गेले. सोलापूरच्या रस्त्यावर डुलकी लागलेली असताना कधीतरी मागे पडणारं गाव, एवढीच माझी ओळख होती. या वेळी एसटीतून उतरले तेव्हा कार्तिक लागला होता आणि ऊन चैत्रातलं होतं. स्टँडबाहेर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग होती. ट्रॉलीत चुली, गोधड्या, कोंबड्या, पोरं, अख्खा संसार भरलेला. त्यांच्यातून वाळूचे टिप्पर हॉर्न दाबून वाट काढत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला न्यायला अंगद आला होता.

अंगद माझा विद्यार्थी. मी पुण्यात सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकवते आणि तो बरीच वर्षं माझ्याकडे पीएच.डी. करतो आहे. चकलांब्याच्या धनगराचा मुलगा. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, हाच विषय का? तर म्हणाला, "मॅडम, नियम दोनच हायत आणि कुणाला सुटत न्हाई, म्हणून." मला असा माणूस हवाच होता.

विषय खरंच तसा आहे. घन पदार्थातले इलेक्ट्रॉन धावतात, त्यालाच आपण वीज म्हणतो. कॉलेजात शिकवताना हे इलेक्ट्रॉन एकमेकांकडे ढुंकूनही न बघता धावतात असं धरून चालतात, आणि तांब्यासारख्या गुणी धातूला ते चालूनही जातं. पण काही पदार्थांत या मंडळींचं आपसात अजिबात पटत नाही. त्यांच्यासाठी आम्ही कागदावर चौकोनी घरांची एक जाळी मांडतो. शेजारच्या घरात उडी मारायची मुभा आहे, पण एका घरात दोघं आले तर जबर भुर्दंड. झाले नियम. जितकी घरं तितकेच इलेक्ट्रॉन असले तर प्रत्येक जण आपल्या घरात अडकून बसतो, कुणी हलत नाही, आणि ज्यातून वीज जायला हवी तो पदार्थ ठप्प होतो. त्यातले थोडे काढून घेतले की हालचाल सुरू होते. मग नेमकं काय होतं, यावर जगभरचे लोक अजून भांडताहेत. आशा अशी, की ते जोड्या जुळवून विनाअडथळा धावत असावेत. म्हणजे वाटेत कुठेही न गळणारी वीज.

या जोड्या अंगदला सापडल्या होत्या. आमचा निबंध अजून कुठे छापलाही नव्हता, पण त्याच्या एका मित्राने ही बातमी बीडच्या कुठल्याशा पेपरात दिली. मग चकलांब्यात फ्लेक्स लागला, सत्कार ठरला आणि प्रमुख पाहुणी म्हणून माझं नाव पडलं. मला आधी हसू आलं, मग बरंही वाटलं. पुण्यात आमचा सत्कार कोण करतो! आमच्याकडे मोठं काही सापडलं तर संध्याकाळच्या चहाबरोबर सामोसा असतो.

निघायच्या आदल्या दिवशी ते सगळं कोसळलं.

मोठी जाळी संगणकाला झेपत नाही. म्हणून आम्ही लांबट, अरुंद पट्टी घेतो आणि तिच्या दोन लांब कडा एकमेकींना जोडून टाकतो, चटईची सुरळी करावी तशी. कडच उरली नाही की कडेची कटकट मिटते. आमच्या धंद्यातला हा रोजचा रिवाज आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अंगदची पट्टी चार घरं रुंद होती. सहा घरांचं गणित आम्ही मोठ्या संगणकावर कधीचं लावून ठेवलं होतं आणि त्याचं उत्तर त्या दिवशी आलं. जोड्या नव्हत्या. चार घरांची सुरळी इतकी बारीक की इलेक्ट्रॉन जरा पुढे गेला की वळसा घालून परत जागच्या जागी. त्या वळशामुळेच जोड्या जुळत होत्या. रुंदी वाढवल्याबरोबर त्या विरून गेल्या. जे सापडलं म्हणून आम्ही नाचत होतो ते आम्हीच कडा जोडून तयार केलं होतं.

हे फोनवर सांगवेना, म्हणून मी मनात घेऊन आले होते. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा आला. अंगदने बशीत ओतला आणि त्यानेच विचारलं, "सहाचं आलं का, मॅडम?"

"आलं."

"न्हाई ना?" पुण्यात एव्हाना तो माझ्याशी 'नाही' म्हणायला लागला होता.

मी मान हलवली. त्याने बशीतला चहा तसाच ठेवला. आकडे विचारले. मी मोबाईलवर आलेख दाखवला, तो त्याने दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "बरोबर हाय. चूक न्हाई ह्यात." त्याचा आवाज इतका साधा होता की मलाच रडू यायची वेळ आली.

पुढचं त्याने मान खाली घालून सांगितलं. या पावसाळ्यात त्याचा थोरला भाऊ महादेव गेला, एवढं मला माहीत होतं. मेंढरं त्याच्याकडे होती. वडील थकलेले, गुडघे गेलेले. दिवाळी झाली की धनगरवाड्यातले सगळे कळप गोदाकाठाने चरायला बाहेर पडतात. बाकीचे गेले, यांचाच कळप अजून घरी उभा होता. त्याच्यामागे चालायला आता अंगद सोडून कुणी नव्हतं. वडील त्याला पुण्याहून कायमचा बोलावणार होते, तेवढ्यात ही बातमी आली.

"आबा म्हणले, खरंच काही घावलं असंल तर जा पुरं करायला. मेंढरं इकून टाकू. परवा गिऱ्हाईक येनार हाय."

"आणि आता?"

"आता घावलं न्हाई," तो म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

चकलांब्याच्या वाटेवर

मोटरसायकलवर मागे बसून मी आयुष्यात एवढ्या लांब कधी गेले नव्हते. रस्ता अर्धा खडीचा, अर्धा आठवणीतला. दोन्हीकडे कापूस फुटलेला, त्यात वाकलेल्या बायका, पुढे तूर, मग उघडा माळ आणि बाभळी. माझी ओढणी चाकात गेली, फाटली आणि एका म्हाताऱ्याने विळ्याने ती कापून सोडवली. "पुन्याच्या का?" त्याने विचारलं. कसं ओळखलं म्हटलं तर कापलेला तुकडा माझ्या हातात ठेवून चालू लागला.

एका बांधाजवळ अंगदने गाडी हळू केली. डोक्यावरून विजेची तार जात होती, मध्ये जोड दिलेली.

"हितं," तो म्हणाला.

पावसात तार तुटून ओल्या गवतात पडली होती. पुढची मेंढरं तिच्यावर गेली आणि जागेवर पडली. मागून येणाऱ्या महादेवला वाटलं काही चावलं असेल. तो ओढायला धावला. एवढंच. त्याचं लग्न ठरलं होतं.

मी इलेक्ट्रॉनवर तीस वर्षं काम केलं आहे. त्यांनी मारलेला माणूस त्या बांधावर पहिल्यांदा माझ्यापुढे आला, आणि मला गाडीवरून उतरायची हिंमत झाली नाही.

चकलांबा

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. अंगणाच्या कडेला वाघर गुंडाळून ठेवली होती. वाघर म्हणजे मुक्कामाला मेंढरांभोवती लावतात ती सुताची जाळी. आमच्या जाळीत निदान गणिताने तरी बाहेर पडता येतं, असं काहीतरी पुस्तकी माझ्या मनात आलं आणि मी ते तिथेच दाबलं. दारामागच्या खुंटीवर काळी घोंगडी आणि काठी टांगलेली होती. ती महादेवची. घरात रीत अशी, की जो घोंगडी खुंटीवरून काढून खांद्यावर घेईल तो त्या वर्षी कळप नेईल. बोलायचं काही नसतं, विचारायचं नसतं. महादेव गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

अंगदची आई, गयाबाई, बारीक चणीची बाई. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, ते मला फार अवघड झालं. मग बाजरीची भाकरी, येसूर मसाला घालून केलेली झणझणीत आमटी आणि कांदा. मी कोकणातली, आमच्या आमटीत गूळ पडतो. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. गयाबाई हसली.

"तिखट लागलं का, बाई?"

"लई," मी म्हटलं आणि ती पुन्हा हसली. त्या दोन दिवसांत मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

आबा बाजेवर बसून होते. उंच, हाडं मोठी, बोलणं जवळजवळ नाहीच. त्यांनी मला एकदाच विचारलं, "पोरगं बरं वागतं का तिथं?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बाहेर उभ्या मेंढरांकडे बघत राहिले. मेंढरं एकाच जागी उभं राहून कंटाळली होती.

सत्कार

शाळेच्या मैदानात मांडव होता. फ्लेक्सवर अंगदचा फोटो छोटा आणि आप्पांचा मोठा. आप्पा गावचे पुढारी, येत्या निवडणुकीला उभे राहणार हे त्यांच्या कपड्यांवरूनच कळत होतं. माणूस वाईट नव्हता. माझ्यासाठी त्यांनी खास खुर्चीवर उशी ठेवली होती. मला फेटा बांधला, अंगदला बांधला, आबांनाही बांधला. पुण्यात माझं संशोधन खोटं निघालं असतं तर मी मंगळवारच्या चर्चेत उभी राहून सांगितलं असतं, दोघांनी प्रश्न विचारले असते आणि सगळे जेवायला गेले असते. इथे मी डोक्यावर केशरी फेटा घेऊन नारळ धरून बसले होते.

आप्पांनी माईक घेतला.

"आपल्या अंगदनं अशी तार शोधलीय गड्यांनो, की तिच्यातून वीज गळतच न्हाई! आता रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला जायचं न्हाई! डीपी जळायचा न्हाई! जगात कुणाला जमलं न्हाई ते आपल्या चकलांब्यानं केलं!"

टाळ्या पडल्या. गावचा डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, तेव्हाही जळालेला होता आणि मांडवातलं सगळं जनरेटरवर चालू होतं. मला बोलायला उभं केलं. मी माईक धरला आणि हाताला सणकन झटका बसला. नारळ सुटून खाली पडला. लोक हसले. बायकांमधून मात्र एक आवाज फाटला, "सोडा त्ये! हात काडा त्याचा!" गयाबाई उभी राहिली होती. तिला दोघींनी खाली बसवलं. कुणीतरी वायर हलवली, माईकला रुमाल गुंडाळला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. अंगद हुशार आहे, कष्टाळू आहे, एवढंच. ते तरी खरं होतं.

मग अंगद उठला. चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला होता, कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग सांगू. पण माईक हातात आल्यावर त्याने आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "आप्पा सांगत्यात तशी तार मी शोधली न्हाई. कागदावर एक गणित मांडलं होतं. ते चुकलंय. कालच उत्तर आलं. त्यात आमाला जे दिसलं ते आमच्याच मांडणीनं दिसलं, खरं न्हवतं. सत्कारासारखं माझ्याकडं काही न्हाई."

आप्पांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माईक काढून घेतला. "बगा! एवढं शिकून गर्व हाय का पोराला? ह्याला म्हणत्यात संस्कार!"

पहिल्यापेक्षा जोरात टाळ्या पडल्या. कुणी शिट्टी मारली. अंगद दोन्ही हात हलवून नाही-नाही म्हणत होता आणि लोकांना तेही आवडत होतं. इतक्या लोकांसमोर माणूस खरं सांगतो आणि एकालाही ते पोचत नाही, याचा मला संताप आला, आणि संताप कुणावर काढावा ते कळेना. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला होता आणि मांडीवर ठेवून त्याची नीट घडी घालत होते. मांडवात एकट्या त्यांना कळलं होतं.

जेवण

दिवेलागणीला अंगणातच पानं मांडली. सत्काराचं म्हणून एक मेंढरू कापलं होतं. मी मटण खात नाही हे अंगदने आधी सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही, रस्सा भाकरीला लावून खाल्ला. कुणीच पोटभर जेवत नव्हतं.

गयाबाई माझ्याजवळ येऊन बसली. तिला मांडवातलं काही कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की पोरगं तारेचं काहीतरी करतं.

"बाई, ह्याची ती तार माणूस मारत न्हाई ना?"

"नाही हो. ती तार खरी नाहीच. कागदावर असते. तिला हात लावला तरी काही होत नाही."

"कागदावर," ती म्हणाली. तिने ते दोनदा म्हटलं. मग माझा हात धरला. "मंग तिथंच ऱ्हाऊ द्या त्याला. हितं नगं. हितं समद्या तारा खऱ्या हायत."

आबा समोर जेवत होते. त्यांनी ताटात पाणी सोडलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"म्याडम, एक इचारतो. ह्याला अजून एक साल दिलं, तर तुमचं खरं निगंल का?"

अंगद मान वर करेना. गयाबाईने माझा हात सोडला नव्हता. मला हो म्हणता आलं असतं. एक अक्षर होतं, आणि माझ्या विषयातलं इथे कुणीही मला खोटं पाडू शकलं नसतं. पण आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना हेच शिकवत आले, की जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं. या जाळीवर माझ्याहून शहाणी माणसं म्हातारी झाली. एका वर्षात काय निघेल हे कुणालाच सांगता येत नाही.

"सांगता येत नाही, आबा," मी म्हटलं. "निघेलही, नाहीही निघणार."

"आन् न्हाई निगालं तर?"

"तरी तो पीएच.डी. होईल. नाही निघालं हेही एक उत्तर असतं."

मी आणखी बरंच बोलले. नोकरी मिळेल, मास्तर होईल, मी स्वतः लक्ष घालीन. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमचं मेंढरू असं उबं ऱ्हात न्हाई, म्याडम," ते शेवटी म्हणाले. "त्याला उद्या चारा लागतोच. तुमचं निगंल का न्हाई ते तुमालाच ठावं न्हाई, आन् त्याच्यावर मी कळप इकू?" आवाजात राग नव्हता. मला त्यांचं म्हणणं चूक वाटलं नाही, आणि तेच मला सहन होईना.

अंगद हात धुऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा काळी घोंगडी त्याच्या खांद्यावर होती. गयाबाईने माझा हात सोडला आणि ती ताटं उचलायला लागली.

निघताना

सकाळी कळप निघाला. मेंढरांना कळलं होतं, ती दावं सुटल्यासारखी पळत होती. वाघर घोड्यावर लादलेली, मागे दोन कुत्री. पुढच्या मुक्कामावर चुलत्याचा कळप थांबला होता, त्याला हे जाऊन मिळणार होते. अंगदने पायांत जाड चपला घातल्या होत्या आणि एका रात्रीत तो वडिलांसारखा दिसायला लागला होता. मला वाटलं होतं तो पाया पडेल, तर तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, कडा न जोडता करून बगा एकदा. मोकळ्या सोडून. जोड्या त्यात ऱ्हात्यात का ते बगा."

"बघते. तुला कळवते."

"फोन लागंल का म्हाईत न्हाई," तो म्हणाला आणि वळला. आबा फाट्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले, गुडघ्यावर हात ठेवत.

माझी पिशवी घेऊन गयाबाई मला जीपच्या थांब्यावर सोडायला आली. मी नको म्हटलं तरी तिने पिशवी दिली नाही. पिशवीत तो केशरी फेटा होता, तो तिनेच घडी करून ठेवला होता. जीप यायला उशीर होता. धूळ बसल्यावर लांबवर कळप दिसत होता, मग दिसेनासा झाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "गयाबाई, मला खोटं बोलता आलं नाही हो."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हादूला दवाखान्यात नेलता," ती म्हणाली, "तवा त्यो गेलेलाच व्हता. मला दिसत व्हतं. डाक्टरला बी दिसत व्हतं. तरी डाक्टर म्हनला, बगू, पर्यत्न करू. तेवड्यावर मी गाडीतून खाली उतरले, बाई. न्हाईतर उतरताच आलं नसतं."

लांबून जीपचा हॉर्न ऐकू आला. तिने पिशवी माझ्या हातात दिली.

"तुमी बी तेवडंच म्हनायचं व्हतं."